ऊन सोसत नाही, पण आंदोलनात राहायचंय

प्रश्न कसबा बावड्यातून आलाय. विचारणारी सत्तावीस वर्षांची आहे, तीन वर्षांपासून ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, उन्हाने तो उसळतो. आजोळ कागल तालुक्यात. मामाचं शेत नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत येतंय, म्हणून घरातले सगळे आंदोलनात. ही मात्र उन्हात पाऊण तास उभी राहिली की गालांवर चट्टे, रात्री ताप, पुढचे चार दिवस अंथरुणात. म्हणून ती घरून स्टोऱ्या टाकते, पोस्ट पुढे पाठवते. परवा मावसभाऊ म्हणाला, "तुझी क्रांती पलंगावरची." तिचं विचारणं तीन गोष्टींचं आहे: हा सहभाग खरा धरायचा का, घरून नेमकं काय करता येईल, आणि समितीतल्या लोकांना आजार सांगावा का.

मी हे कुठल्या अनुभवातून लिहितेय ते आधी सांगते. चोवीस वर्षं मी कोल्हापुरातल्या वेगवेगळ्या कृती समित्यांची कागदपत्रं सांभाळतेय. व्यासपीठावर कधी नव्हते. निवेदनं, हरकती, याद्या, पोच, हे माझं खातं. त्यातली सोळा वर्षं संधिवातासकट, ऱ्हुमॅटॉइड. सकाळी अकरापर्यंत बोटं वळत नाहीत. हे उत्तरही दुपारी, अर्धं फोनला बोलून लिहिलंय. कुठे शब्द वेडावाकडा उमटला असेल तर समजून घ्या.

मावसभावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते मान्य करून टाकलेलं बरं. मोर्चाने कोल्हापूरचा दसरा चौक भरतो तेव्हा जे होतं ते घरून होत नाही. कोल्हापुरातल्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी ऐंशी ओलांडलेले शेकापचे नेते एन. डी. पाटील सर रस्त्यावर उतरायचे, मागे तालमींची पोरं, पेठांतल्या बायका. डिसेंबर २०१५ मध्ये टोल गेला, तो त्या गर्दीशिवाय गेला नसता. प्रशासन डोकी मोजतं, आणि तुमचं डोकं त्यात नसेल. पण टोलचं आंदोलन काही वर्षं चाललं. त्या सगळ्या दिवसांपैकी मोर्चाचे दिवस किती? बाकीच्या दिवशी कोणीतरी कागद काढत होतं, फोन करत होतं, पुढच्या तारखेला माणसं येतील हे बघत होतं. शेजारच्या काकू मोर्चाला निघाल्या की मला सांगायच्या, "मी जातो बघ, तू बस लिहीत." त्यात टोमणा नव्हता, कामाची वाटणी होती.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा वेगळा मांडते. घरून केलेलं खरं की खोटं, हे सोडा. तुम्ही घेतलेलं काम आज केलं नाहीत तर संध्याकाळपर्यंत कुणाचा फोन येईल का, एवढं विचारा. स्टोरी टाकली नाही तर कुणाचा फोन येत नाही. हरकतींची यादी पाठवली नाही तर तीन येतात. मी माणसाला काम देताना हीच कसोटी लावते, मग तो धडधाकट असो की आजारी.

पोस्ट टाकणं निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. नांदणी मठाची हत्तीण गुजरातला वनतारात नेली, तेव्हा ती परत यावी म्हणून २०२५ मध्ये लोक पायी चालत कलेक्टर कचेरीवर आले, आणि त्याच दिवसांत गावोगाव सह्या होत होत्या, माणसं घरबसल्या वनतारावाल्या उद्योगसमूहाच्या कंपनीतले मोबाईलचे नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करत होती. पोर्ट करायला चौकात जावं लागत नाही, पण कंपनीला ते जाणवतं. फरक तिथे आहे: समोरच्याच्या वहीत काही बदललं पाहिजे. अमेरिकेत जानेवारी २०१७ मध्ये स्त्रियांचा मोठा मोर्चा निघाला तेव्हा ज्यांना जाता आलं नाही अशा सुमारे तीन हजार अपंग आणि आजारी माणसांनी स्वतःचा फोटो आणि दोन शब्द एका वेबसाइटवर लावून आपला वेगळा मोर्चा काढला. आम्हीही आहोत, हे सांगायला तो उत्तम होता. पण आपला लढा जमिनीच्या गटांचा आहे, आणि आपल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर मोजदाद होते ती आवक बारनिशीत (आलेल्या कागदांच्या नोंदवहीत) शिक्का पडलेल्या हरकतींची.

तर मी तुमच्या जागी असते तर पहिल्यांदा हरकतींचं काम धरलं असतं. त्याबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक आंदोलनं इथेच ढिली पडतात.

होतं असं की भूसंपादनाची नोटीस निघते, तिच्यावर हरकत घ्यायची मुदत दिवसांत मोजलेली असते, आणि गावात कोणीतरी एकच नमुना झेरॉक्स करून दोनशे जणांच्या सह्या घेतं. दोनशे कागद एकाच मजकुराचे. सुनावणीत त्या सगळ्यांना एकाच ओळीत उत्तर मिळतं. त्याऐवजी प्रत्येक खातेदाराची हरकत त्याच्या गटापुरती असेल तर प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं. पण ती वेगळी लिहिणार कोण? शेतकरी रानात, कार्यकर्ते बैठकांत. इथे घरी बसलेलं, शांत डोक्याचं माणूस लागतं.

सातबारा आता ऑनलाइन बघता येतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो. मामाला फोन लावा आणि गट नंबर, क्षेत्र, नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते बघा. मयत माणसाचं नाव अजून लागलेलं आहे का? वारसनोंद राहिली असेल तर हरकतीवर सही कोणाची, हा घोळ आधी निघतो. मग विचारा: विहीर कुठे आहे, बोअर किती, झाडं कोणती, घर किंवा गोठा आहे का. आणि आपल्या जिल्ह्यात हमखास विचारायचा प्रश्न म्हणजे पाण्याची स्कीम. नदीवरून येणारी पाइपलाइन कोणत्या गटातून जाते? रस्त्याखाली कदाचित पाचच गुंठे जातात, पण पाइपलाइन तुटली तर रस्त्यापलीकडचा दीड एकर ऊस कोरडा पडतो. नकाशावर ते दिसत नाही, शेतकऱ्याला माहीत असतं, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती सांगायची गोष्टच नसते. विहीर किंवा झाडं सातबाऱ्यावर नोंदलेली नसतील तर तेही याच वेळी कळतं आणि तलाठ्याकडे जायला वेळ उरतो.

एका खातेदाराला फोनवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बऱ्या दिवशी मी चार करते, वाईट दिवशी शून्य. आठवड्याला दहा झाले तरी एखादी वाडी महिन्याभरात संपते. तयार मजकूर गावातल्या कोणाला तरी पाठवायचा, तो छापून सही घेऊन नोटिशीवर ज्या अधिकाऱ्याचं पद आहे त्याच्या कचेरीत देतो आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतो. पोच घेतली नाही तर हरकत दिलीच नाही असं समजा. टपालाने पाठवायची असेल तर २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्ट करा आणि पावती फोटो काढून ठेवा. पावतीची शाई सहा महिन्यांत उडते.

दुसरं घरचं काम माहिती अधिकाराचं. राज्य सरकारच्या कार्यालयांकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. लोक तिथेच घसरतात. मोर्चातला राग अर्जात ओततात, पाच विषय एकत्र करतात, आणि अर्ज परत येतो. "मोजणी कोणत्या तारखेला झाली, पंचनाम्याची प्रत द्यावी" एवढं पुरतं. रागाची गरज नाही. तीस दिवस झाले की पहिलं अपील. तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. माझ्या भिंतीवर गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी अपिलाच्या तारखा असतात.

तिसरं काम मोर्चाच्याच दिवशीचं आहे आणि ते मला सगळ्यांत आवडतं. आम्ही त्याला "घरचा कंट्रोल" म्हणतो. कोणत्या गावातून कोणता टेम्पो निघाला, त्यात किती जण, ड्रायव्हरचा नंबर, परत किती उतरले. चौकात नेटवर्क कोंडतं, फोनची बॅटरी संपते, घोषणांत रिंग ऐकू येत नाही. घरी बसलेल्या माणसाचा फोन चार्जिंगला लावलेला असतो. पोलिसांनी कुणाला ताब्यात घेतलं तर बहुतेक वेळा संध्याकाळी सोडतात. तरी नाव, वेळ, ठिकाण लगेच लिहून वकिलांना कळवणारं कोणीतरी लागतं, कारण अटक असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं आणि ते घड्याळ कधी सुरू झालं याची नोंद आपल्याकडे हवी. मधुमेही आजोबांची गोळी कुणाच्या पिशवीत आहे, हेसुद्धा त्याच वहीत. मोर्चात असलेल्या माणसाला हे करता येत नाही. तो मोर्चात आहे म्हणूनच येत नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपंगांनी त्यांच्या हक्काचा नियम लागू व्हावा म्हणून सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या दिला. आतले फोन तोडले गेले. तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहून बाहेरच्यांशी खुणांच्या भाषेत बोलले आणि निरोप चालू राहिले. ज्याला बाकीचे उणीव समजत होते, तेच त्या दिवशी एकमेव चालणारं यंत्र होतं. तुमच्याकडेही असं काही असेल. तीन वर्षं दवाखान्याच्या फायली सांभाळणाऱ्या माणसाला कागद तारखेनिशी लावता येतो, खिडकीवरच्या माणसाशी न चिडता बोलता येतं. चळवळीत हे कसब फार कमी जणांकडे असतं.

आता बैठकांचं. घरून काम करणाऱ्याला काम मिळतं, पण निर्णयात जागा मिळत नाही, ही खरी दुखरी नस आहे. सुरुवातीला मीही दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीला जायची. एकदा कार्यकर्त्यांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. सगळ्यांना फार छान वाटलं, मला सोडून. त्यानंतर मी दोन गोष्टी मागितल्या: बैठक तळमजल्यावर, आणि येता आलं नाही तर स्पीकर फोन. फोन टेबलावर आडवा ठेवला की पंखाच ऐकू येतो. रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा ठेवा, फोनचा आवाज मोठा येतो. एका माणसाला "फोनचा माणूस" करा. कोण बोलतंय ते त्याने सांगायचं, आणि दर अर्ध्या तासाने विचारायचं, "फोनवर काय म्हणणं आहे?"

एवढं केलं तरी एक भोक राहतं. बैठक संपते, फोन बंद होतो, आणि खरा निर्णय खाली चहाच्या गाड्यावर होतो. कोल्हापुरात तर शंभर टक्के. ते थांबवता येणार नाही, चहा कोण सोडणार? म्हणून मी अट घातली: गाड्यावर काहीही ठरलं तरी त्याच रात्री पाच ओळी ग्रुपवर, आणि सकाळी दहापर्यंत कुणी हरकत घेतली तर पुन्हा चर्चा. पहिले दोन महिने कुरकुर झाली. मग गावाकडचे लोक म्हणाले, हे आम्हालाही बरं पडतं, आम्हाला रात्रीची शेवटची एसटी गाठायची असते.

माझी सगळ्यांत मोठी चूक सांगते, कारण तीच तुम्ही कराल. एका वर्षी माझे तीन महिने बरे गेले. मी हावरटासारखी कामं घेतली: याद्या, पत्रकं, वकिलांचा पाठपुरावा. मग दुखणं उसळलं. नऊ दिवस फोन उचलला नाही. हरकतदारांची यादी माझ्या एकटीच्या डायरीत होती. मुदत गेली तेव्हा एकेचाळीस जणांचे कागद माझ्या कपाटात होते. कुणी मला बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून एकटीने एकही काम घेत नाही. प्रत्येक कामाला जोडीदार, यादी दोघांच्या फोनमध्ये, आणि माझ्याकडून दोन दिवस उत्तर आलं नाही तर न विचारता काम त्याने उचलायचं. मुदतीच्या आधी चार दिवस ही माझी मुदत. आणि बऱ्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही. हे पाळणं सगळ्यांत अवघड आहे, मी आजही चुकते.

आजार सांगावा का? यात तुमचा स्वभाव, घर, लग्नाच्या बोलण्यांपर्यंत सगळं येतं, त्यामुळे मी हुकूम सोडणार नाही. मी स्वतः आजाराचं नाव नंतर सांगते, आधी मर्यादा सांगते. "मी दुपारी दोन ते पाच काम करेन, उन्हात येणार नाही, कधी कधी आठवडाभर गायब होईन, तेव्हा अमुक माणूस आहे." एवढ्यावर काम चालतं. काही जण सर्टिफिकेट मागितल्यासारखं बघतील. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ल्युपसचं नाव नाही. त्यामुळे तुमच्याकडे दाखवायला कार्ड नसण्याची शक्यता मोठी आहे. कार्ड नसलं म्हणून ऊन कमी लागत नाही. (सरकारी कागदावर "दिव्यांग" लिहितात, मला "अपंग" चालतं. त्या वादात आज जात नाही.) सुरुवातीला एकाच माणसाला नीट सांगा, बहुतेक वेळा समितीतली एखादी बाई जास्त पटकन समजून घेते.

ऑनलाइन बोलण्याबद्दल थोडं सावध करते. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्यातलं ६६अ कलम, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षेचं कलम, रद्द केलं. त्या खटल्याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली तिथून झाली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही. पण स्वतः टाकलेल्या, पुढे पाठवलेल्या मजकुराची जबाबदारी स्वतःचीच, आणि बाकीची कलमं जागेवर आहेत. जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून आपल्या शहरात कशी दंगल पेटली ते तुम्ही पाहिलंय. तेव्हा इंटरनेट बंद झालं होतं. घरून काम करणारा माणूस अशा वेळी सगळ्यांत आधी तुटतो. म्हणून माझ्याकडे वीस जणांचे नंबर कागदावर आहेत, प्रत्येकाने पुढच्या पाच जणांना साधा कॉल करायचा, व्हॉट्सॲप नाही. आणि मोर्चातल्या लोकांचे चेहरे दिसणारे फोटो न विचारता टाकू नका, विशेषतः नोकरदारांचे. तुम्ही स्वतः किंवा घरातलं कोणी सरकारी नोकरीत असेल तर सेवेचे नियम आधी वाचून घ्या.

तब्येतीबद्दल मी डॉक्टर नाही. ल्युपसवाल्या दोघींबरोबर काम केलंय, त्यावरून एवढंच: एखाद्या मोर्चाला जायचंच असं कधी ठरवलंत तर संध्याकाळची कोपरा सभा निवडा, आणि आंदोलनाच्या धावपळीत स्टिरॉइडची गोळी चुकवू नका, ती एकदम बंद करणं धोक्याचं असतं. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना "मला मोर्चाला जायचंय" असं सरळ सांगा. "बाहेर जायचंय" म्हटलं की ते लग्नाला जायचंय असं समजतात.

सुरुवात मामापासून करा. त्यांच्या गटाची हरकत तुम्ही लिहा, मग त्यांच्या बांधाला लागून असलेल्या चार जणांची. त्या पाच हरकती तयार झाल्या की समितीच्या माणसाला फोन करून म्हणा, "या पाच माझ्याकडे झाल्यात, पुढच्या कोणाच्या करू?" मी काय मदत करू, असं विचारू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. फोन दुपारी तीनच्या सुमारास करा. सकाळी ते रानात असतात आणि रात्री चहाच्या गाड्यावर.